आधी वारा कुठून शिरतोय ते बघा

गेल्या अंकात कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, घरच्या घरी उघडून कसा धुवायचा ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा संपादकांनी थेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या गॅरेजवर पाठवला, वर चिठ्ठी : ‘मेस्त्री, हे आता तुम्हीच निस्तरा.’ निस्तरतो. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी होणार नाही. ज्यांनी फक्त ‘ॲव्हरेज वाढवायची युक्ती सांगा’ एवढंच लिहिलंय, त्यांनी आधी टायरमधली हवा तपासावी.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९९४ची आरएक्स १०० आहे. इंजिन मूळचंच. दोन महिन्यांपूर्वी एअर फिल्टरचा डबा काढून कोनासारखा उघडा फिल्टर लावला, सायलेन्सरही बदलला. आवाज मस्त येतो, पण अर्ध्या रेसला गाडी हुकते आणि हायवेला ताणली की चार-पाच किलोमीटरवर दम सोडते. मित्र म्हणतो, मेन जेट दोन नंबरनं मोठा टाक. इथला मेकॅनिक म्हणतो, नवा कशाला, आहे त्यालाच ड्रिल मारून देतो. नेमका केवढा जेट टाकू? (तासगाव)

उत्तर : जेट म्हणजे कार्बमधलं (कार्बोरेटरमधलं) बारीक भोकाचं पितळी बूच, त्या भोकातून पेट्रोल मापून जातं. आकडा सांगणार नाही. तुमच्या गाडीचा जेट मला कोल्हापुरात बसून कळत असता तर गॅरेज बंद करून मी भविष्य सांगायला बसलो असतो.

पहिली गोष्ट, आजपासून गाडी हायवेला ताणू नका. तुमच्या आरएक्ससारखी टू-स्ट्रोक गाडी टॉपला दम सोडते तेव्हा ती जाम व्हायच्या बेतात असते. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं की जळण जास्त तापतं. शिवाय आत येणारं ओलं पेट्रोलच पिस्टनला थंड ठेवत असतं, तेही कमी पडतं. पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरतो.

मी हे भोगलंय. १९९१ साल, मी तेवीस वर्षांचा. मित्राच्या आरएक्सचा डबा मीच काढला होता, जेट होता तोच ठेवला होता. वाघबीळ चढताना तिसऱ्या गिअरला मागचं चाक जागच्या जागी लॉक झालं. क्लच दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला आणि कोपराचं सगळं साल डांबराला चिकटलं. हेड-सिलिंडर काढला तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, नांगरलेल्या रानासारखे, आणि रिंग खाचेतच चिकटून बसलेली. उस्ताद मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी तो पिस्टन माझ्या बाकड्यासमोर खिळ्याला टांगला. पुढची सहा वर्षं मी रोज सकाळी त्याचं दर्शन घेऊन कामाला लागायचो.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. जेटला हात लावायच्या आधी वारा कुठून शिरतोय ते बघा. एकतीस-बत्तीस वर्षांची गाडी आहे. कार्ब आणि सिलिंडर यांच्यामधलं रबर अंगठ्याने दाबून, वाकवून बघा. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या रबराला खालच्या अंगाला, जिथे हात जात नाही तिथेच, चीर गेलेली असते. इंजिन चालू ठेवून त्या जोडावर पिचकारीने थोडं पाणी मारा. रेस बदलली, गाडी अडखळली, तर वारा तिथूनच येतोय. दुसरी खूण म्हणजे रेस सोडली तरी गाडीचा आवाज लगेच खाली येत नाही, वरच लटकून राहतो. रबर चांगलं असून असं होत असेल तर मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलंय असं समजा. अशा गाडीला कितीही मोठा जेट टाकलात तरी आज बरी चालेल आणि परवा पुन्हा तेच.

इथे सगळं ठीक निघालं, तर मग कार्ब. रेसच्या मुठीच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावा आणि शेजारी स्विचच्या डब्यावर पेनाने एक रेघ मारा. रेस पूर्ण बंद असताना पट्टीवर एक खूण, पूर्ण उघडल्यावर दुसरी, मधल्या अंतराचे चार भाग. दहा रुपयांत एवढं चांगलं यंत्र दुसरं मिळायचं नाही. आता गाडी कुठल्या खुणेला हुकते ते डोळ्यांनी बघा. बंद रेसपासून एक-अष्टमांशापर्यंत, म्हणजे पहिल्या भागाच्या निम्म्यापर्यंत, मंद रेसचा छोटा पायलट जेट आणि त्याला हवा सोडणाऱ्या एअर स्क्रूचं राज्य. तिथून पावपर्यंत स्लाइडच्या, म्हणजे रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या नळकांड्याच्या, बुडाला असलेला तिरका काप. पाव ते पाऊण स्लाइडला लटकलेली सुई. पाऊणच्या पुढे मेन जेट. हद्दी एकमेकींत थोड्या घुसतात, शेताच्या बांधासारख्या, पण कामापुरत्या पक्क्या आहेत.

म्हणजे ‘अर्ध्या रेसला हुकते’ हे दुखणं तुम्ही आणि तुमचा मित्र ज्या मेन जेटवर भांडताय त्याचं नाहीच, ते सुईचं आहे. पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय? सोपी परीक्षा. ती हुकण्याची खूण धरून गाडी चालवा आणि क्षणभर चोक अर्धा उचला. सुधारली तर पेट्रोल कमी पडत होतं, आणखी बिघडली तर जास्त होत होतं. डबा काढल्यावर बहुधा कमीच पडतं. सुईच्या डोक्याला पाच खाचा असतात, क्लिप मधल्या खाचेत असते. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. क्लिप खाली, सुई वर. दर चार पोरांतलं एक पोरगं इथे उलटं करतं.

मेन जेट सगळ्यात शेवटी. टू-स्ट्रोकला नेहमी मोठ्या जेटवरून खाली यायचं, लहानावरून वर चढायचं नाही. मोठा टाकल्यावर गाडी टॉपला घोगरी होईल, भरभरेल. मग एक-एक नंबर कमी करत ती मोकळी होईपर्यंत या, आणि मोकळी झाली की तिथेच थांबा. आणखी एक कमी करून बघायचा मोह होतो, तो वाघबीळला नेतो. खात्रीसाठी नवा प्लग लावून मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला पूर्ण रेसने थोडं अंतर पळवा आणि रेस न सोडताच चावी बंद, क्लच आत, दोन्ही एकदम. गाडी बाजूला घेऊन प्लग काढा. मधल्या पांढऱ्या चिनी मातीच्या मुळाशी, खोल आत, बघायचं. दुधाच्या कॉफीसारखा रंग आला तर बरोबर. पांढराफटक असेल तर गाडी घरी ढकलत न्या. नेहमीसारखं आयडलवर, म्हणजे रेस न देता, उभी करून प्लग काढाल तर पायलट जेटचा रंग दिसेल, मेनचा नाही.

ड्रिलचं मात्र ऐकू नका. एक मिलिमीटरचं भोक एक पूर्णांक एक केलं, तर दिसायला दहा टक्के वाढलं, पण क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं. वर हाताने मारलेलं भोक गोल राहत नाही, आतून खरबरीत होतं, आणि जेटवरचा आकडा कायमचा खोटा पडतो. पुढच्या मेस्त्रीने त्या आकड्यावर विश्वास ठेवून काय करायचं? जेट विकत घ्या, तेही तुमच्या कार्बच्या मिकुनी कंपनीचेच. केहिन या दुसऱ्या कंपनीच्या जेटवरचा आकडा आणि मिकुनीच्या जेटवरचा आकडा सारखा दिसला म्हणून भोक सारखं नसतं. दोघांच्या मोजायच्या रीती वेगळ्या.

आणखी एक. १९९४ साली ही गाडी शुद्ध पेट्रोलवर चालायची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल येतं. आपल्याच उसाचं आहे, तक्रार कशी करणार? पण एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते आणि एक किलो इथेनॉलला ९ किलोच. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच इंधन आलं तरी हवेच्या मानाने ते कमी पडतं. तुम्ही डबा काढून हवा वाढवलीत, सरकारने इथेनॉल घालून तेच केलं. दोन्ही एकाच बाजूला ओढतायत. गाडी मूळ रूपात असती तरी मी क्लिप एक खाच खाली घेऊन बघितली असती.

माझं मत विचाराल तर डबा परत बसवा. यामाहाच्या लोकांनी तो डबा जागा भरायला ठेवलेला नाही. आमच्याकडे गळीत हंगामात ट्रॉल्यांच्या मागून गाडी चालवलीत तर संध्याकाळी त्या उघड्या फिल्टरमध्ये काय काय निघतं ते बघा. सायलेन्सरबद्दल मी काही बोलत नाही, त्याबद्दल पोलीस बोलतील.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही लिहिलंत, की कार्बचा स्क्रू पूर्ण आवळून मग दीड फेरा बाहेर काढायचा, आणि आणखी थोडा बाहेर काढला तर ॲव्हरेज वाढतं. माझ्या २००७च्या पल्सर १५० वर तसं केलं, अडीच फेऱ्यांपर्यंत गेले. ॲव्हरेज उलट कमी झालं, प्लग काळा झाला, आणि पीयूसीवाल्याने गाडी परत पाठवली. मी शाळेत गणित शिकवते. मशीनमधलं फार कळत नाही, पण उत्तर उलटं आलंय एवढं कळतं. (सोलापूर)

उत्तर : बाई, चूक माझी. अर्धवट लिहिलं.

तो स्क्रू दोन जातींचा असतो आणि दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो. तो बाहेर काढला की हवा वाढते, मिश्रण पातळ होतं. जुन्या गोल स्लाइडच्या मिकुनी व्हीएम कार्बला तसा असतो, आणि माझ्या डोक्यात तेच कार्ब होते. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो तयार मिश्रण सोडतो. तो बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. तुमच्या पल्सरला दुसऱ्या जातीचा आहे. मी सांगितलेल्या दिशेने तुम्ही गेलात आणि गाडीला पेट्रोल पाजत राहिलात.

‘पूर्ण आवळून’ हेही चुकीचं लिहिलं. टेकेपर्यंत, आवळायचा नाही. त्याचं टोक सुईसारखं असतं, जोर लावला की टोकाला कडं पडतं किंवा ते समोरच्या भोकात मोडून बसतं. मग पूर्ण कार्ब बदलावा लागतो.

आता हे करा. दहा मिनिटं गाडी फिरवून आणा, इंजिन गरम होऊ द्या. स्क्रू हळूच टेकवा आणि टेकवताना किती फेरे आत गेला ते मोजून लिहून ठेवा. तुम्हाला हे सांगायला नको. मग दोन फेरे बाहेर काढून गाडी चालू करा. आयडलची रेस नेहमीपेक्षा किंचित वर ठेवा. आता पाव-पाव फेरा आत घ्या, प्रत्येक वेळी दहापर्यंत मोजा. इंजिनला बातमी उशिरा पोचते. एका जागी रेस सगळ्यात वर आणि आवाज सगळ्यात गोल येईल. त्याच्या पुढे गेलात की अडखळेल. गोल आवाजाच्या जागेवर परत या आणि मग वेगळ्या स्क्रूने आयडल खाली आणा. तुमच्या साली बनलेल्या दुचाकीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे, आणि ती आयडलवर मोजतात. म्हणजे त्या मशीनसमोर जवळजवळ फक्त हा एक स्क्रू परीक्षेला बसलेला असतो. अर्थात फिल्टर काळाकुट्ट असेल तर स्क्रूने काही होत नाही.

एवढं करूनही प्लग काळाच राहिला तर कार्बच्या वरची काळी टोपी उघडून आतला रबरी पडदा खिडकीसमोर उजेडाला धरा. सुईच्या अग्राएवढं भोक असलं तरी उजेड दिसतो. तसं दिसलं तर पडदा बदला. त्याला चिकटवायला डिंक-सोल्युशन काही चालत नाही, इथेनॉल ते दोन दिवसांत सोडवून टाकतं.

प्रश्न : १९८६ची बुलेट ३५०, मिककार्ब बसवलेला. जूनमध्ये चौघं मित्र मनालीवरून लेहला निघालोय. तिथे हवा विरळ असते म्हणून लोक एअर फिल्टर काढून टाकतात असं ऐकलं. काढावा का? (कराड)

उत्तर : काढू नका, आणि सांगणाऱ्याबरोबर मुक्कामही करू नका.

फिल्टर काढल्याने गाडीला हवा जास्त मिळते ही गोष्ट खरी, पण तिथला धुळीचा बारीक कण काचेच्या भुकटीसारखा असतो. तो सिलिंडरमध्ये गेला की परत येईपर्यंत तुमची बुलेट ऑइल प्यायला लागलेली असेल.

मूळ गोष्ट अशी, की कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या थोडं वर, लेह साडेतीन हजार मीटरवर, आणि खारदुंग ला ५,३५९ मीटरवर. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास येतो, खारदुंगवर जवळजवळ निम्मा. हवा कमी झाली, पण जेटचं भोक तेवढंच राहिलं. म्हणजे मिश्रण घट्ट होतं, प्लग काजळतो, गाडी काळा धूर सोडत गुदमरते. माणसाचं डोकं दुखतं ते वेगळं.

त्यावर उपाय पेट्रोल कमी करणं. तुमच्या ३५०वरचा मिककार्ब म्हणजे २४ मिलिमीटरचा मिकुनी पद्धतीचा व्हीएम कार्ब आहे, त्याला एअर स्क्रू आहे, म्हणजे वर बाईंना सांगितलं त्यातली पहिली जात. मनालीच्या पुढे चढ लागून गाडी जड वाटायला लागली की स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढा. रस्त्याच्या कडेला, पेचकस एवढंच लागतं. भागलं नाही तर मुक्कामाला सुईची क्लिप एक खाच वर, म्हणजे सुई खाली. तरीही भागलं नाही तर मेन जेट एक किंवा दोन नंबर लहान. तसे दोन जेट घरूनच घेऊन, डबीत कापसात गुंडाळून न्या. सुई काढताना वरची टोपी उघडली की स्प्रिंग उडते. बुलेटवाल्यांच्या स्प्रिंगा त्या रस्त्यावर नदीत किती गेल्यात याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. फडकं अंथरून उघडा.

हे सगळं करूनही गाडी इथल्यासारखी ओढणार नाही. हवाच नाही तर जळणार काय? खालचा गिअर, शांत रेस. सकाळच्या थंडीत चोक लावा, पण इंजिन नीट चालायला लागलं की लगेच काढा.

आणि उतरताना विसरू नका. मनालीला परत आलात की स्क्रू, क्लिप, जेट, सगळं पूर्ववत. लोक जाताना फार काळजीपूर्वक सेटिंग करतात आणि येताना फोटो बघण्यात गुंग असतात. मग तीच पातळ केलेली गाडी जूनच्या उन्हात अंबाला-दिल्लीच्या सपाट रस्त्यावर ऐंशीने ताणतात. बुलेट टू-स्ट्रोकसारखी लगेच धरत नाही, पण व्हॉल्व्ह जाळते.

प्रश्न : २००१ची स्प्लेंडर पावसाळाभर पडवीत उभी होती. आता कार्बच्या खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकतं. सुरू होते, पण दोन मिनिटांत बंद पडते. कार्ब नवा घेऊ का? (चिपळूण)

उत्तर : नवा नको. तुमच्या गाडीला दोन वेगळी दुखणी आहेत.

ठिबकणं म्हणजे फ्लोटची, म्हणजे कार्बमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डबीची, सुई बसत नाही. तिच्या टोकाचं रबर झिजलंय, नाहीतर टाकीतला गंजाचा कण तिच्याखाली अडकलाय. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बचा खालचा बाऊल, म्हणजे पेट्रोलची वाटी, उघडा आणि सुईचं टोक नखाने चाचपा. कडं लागलं तर सुई बदला. हलक्या हाताने फ्लोट वर उचलून नळीत फुंकर मारा, वारा अडला पाहिजे.

बंद पडणं म्हणजे पाणी. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने ओढायला ओलाव्याची काय कमी? पाणी ठरावीक मापापलीकडे गेलं की ते इथेनॉलला बरोबर घेऊन तळाशी बसतं, आणि कार्बला पेट्रोल तळातूनच जातं. बाऊलमधलं पेट्रोल काचेच्या ग्लासात ओता. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा. त्यात नवं पेट्रोल मिसळून भागत नाही.

२०१९च्या महापुरानंतर आमच्याकडे बुडालेल्या गाड्या रांगेने आल्या होत्या. तेव्हा कळलं, की लोक जेट साफ करतात पण मेन जेटच्या वरची, आडव्या भोकांची पितळी नळी कोणी काढतच नाही. तिच्या एकेका भोकात गाळ सिमेंटसारखा बसला होता. तुम्हीही ती काढा. तार घालू नका, पितळ मऊ असतं. नायलॉनच्या ब्रशचा एक केस पुरतो.

आणि हे आधी करा : इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ठिबकलेलं पेट्रोल आतही गेलंय. ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नका. पुढच्या मे महिन्यात गाडी उभी करताना कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, बाऊल कोरडा होतो.

प्रश्न : माझ्याकडे १९८२ची येझदी आहे, मी निवृत्त आहे, गाडी आठवड्यातून एकदा काढतो. मूळचा जिकॉव्ह कार्ब काढून मिकुनी पद्धतीचा बसवा असं सगळे सांगतात. तुमचं मत? (पुणे)

उत्तर : काका, ‘सगळे’ आठवड्यातून एकदा गाडी काढत नाहीत. त्यांना रोज कामावर जायचं असतं, म्हणून ते बदलतात.

जिकॉव्हची स्लाइड काढून पुन्हा घाला आणि बोटाने पुढे-मागे हलवून बघा. खडखड वाजत असेल तर ती झिजली आहे, बाजूने वारा जातो, आणि मग आयडल कधीच एका जागी राहणार नाही. तसं असेल तर बदलायचा विचार करा. नसेल तर धुवा, फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय का ते कानाशी हलवून बघा, आणि चालवा. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद झाला, मूळचे चांगले कार्ब आता शोधावे लागतात. बदललात तरी जुना भंगारात घालू नका, फडक्यात गुंडाळून गाडीच्या कागदांबरोबर ठेवा.

नवा बसवलात तर तो डब्यातून काढला तसा चालेल अशी आशा धरू नका. त्याच्या आतले जेट आणि सुई दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीला धरून घातलेले असतात. तासगावच्या पत्राला दिलेलं उत्तर तुम्हालाही पहिल्यापासून शेवटपर्यंत लागू.

प्रश्न : मेस्त्रीकाका, मी अकरावीत आहे. तुमचा लेख वाचून बाबांच्या सीडी १०० चा कार्ब एकट्याने धुतला. परत बसवल्यावर गाडी चालू होताच फुल रेस झाली. आयडलचा स्क्रू पूर्ण बाहेर काढला तरी कमी होईना. बाबा शनिवारी पुण्याहून येणार आहेत. (गारगोटी)

उत्तर : घाबरू नकोस. स्लाइड उलटी बसवली आहेस.

वरची टोपी काढ आणि स्लाइड बाहेर घे. तिच्या बुडाला एका बाजूला तिरका काप दिसेल. तो काप एअर फिल्टरकडे हवा, तुझा आत्ता इंजिनकडे आहे. स्लाइडच्या अंगावर दोन खाचा आहेत. एकीत आतली पिन बसते, दुसरीत आयडलच्या स्क्रूचं टोक. उलटी घातली तरी ती आत जाते, म्हणून माणूस फसतो. मी दोनदा फसलोय, दुसऱ्यांदा तर गिऱ्हाईक समोर उभं होतं. नीट घातल्यावर चालू करायच्या आधी रेस पिळून सोड. तळाला ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर किक मारायची नाही.

टक् आवाज येऊनही रेस वर राहिली तर वारा. हा कार्ब दोन बोल्टने बसतो. बोल्ट आलटून-पालटून, थोडे-थोडे आवळायचे असतात. एकच बोल्ट जोर लावून आवळला की कडा वाकते आणि मधून हवा शिरते. मधली रबरी रिंग खाचेत आहे ना तेही बघ. वाकली असेल तर खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेव आणि कार्बची ती बाजू त्यावर आठच्या आकड्यासारखी फिरव, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. घासताना भोकांत कापूस कोंब, झाल्यावर काढायला विसरू नकोस. मग पेट्रोलने धू.

पुन्हा फुल रेस झालीच तर चावी बंद कर, प्लगची टोपी ओढायला जाऊ नकोस, झटका बसतो. रेसची केबल हँडल पूर्ण वळवल्यावर ताणली जात नाही ना तेवढं शेवटी बघ, दोन्ही बाजूंना वळवून.